अमेरिकेतील काउंटीचे जुने दस्त आणि न्यायालयीन कागद: ऑनलाइन शोधातून वंशावळ कशी उलगडावी

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली असली, तरी १८४० पर्यंतच्या तक्त्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. बायको, मुले, घरातील वृद्ध माणसे ही सारी वयोगटांच्या रकान्यांत निव्वळ आकडा होऊन राहत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलामगिरीत नसलेल्या) माणसाचे नाव लिहायला १८५० मध्ये सुरुवात झाली आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते नोंदवायला १८८० उजाडावे लागले. जन्ममृत्यूची राज्यव्यापी नोंदणी तर बहुतेक राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावली. त्यामुळे १८५० च्या मागे गेलेला जवळजवळ प्रत्येक वंशशोधक एका कोऱ्या भिंतीशी येऊन थांबतो. त्या भिंतीतून वाट काढणारे कागद बहुधा काउंटीच्या, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या घटकाच्या, कचेरीत असतात: जमिनीची खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, मृत्युपत्रे आणि न्यायालयातील दावे.

कारण सरळ आहे. जमीन विकायची तर तिच्यावर ज्यांचा हक्क पोहोचतो त्या सगळ्यांची सही लागे आणि तो हक्क कुठून आला तेही लिहावे लागे. नाते नोंदवावे असा कारकुनाचा हेतू नसे. पण मालकी निर्वेध करण्याच्या गरजेपोटी तो ‘अमुक मयताचे वारस’ असे लिहून सहा भावंडांची, त्यांच्या बायकांची आणि तीन जावयांची नावे एकाच पानावर उतरवून ठेवी. वंशावळीच्या दृष्टीने अशा एका पानाचे मोल फार मोठे आहे, आणि माझा अनुभव असा की नाव शोधत बसण्यापेक्षा जमिनीचा माग काढत गेल्यास हे पान लवकर हाती लागते. पुढील सर्व विवेचन या एकाच पद्धतीला धरून आहे.

आधी काउंटी ठरवा, आणि ती त्या वर्षाची ठरवा

अमेरिकेत काउंट्या व तत्सम घटक ३,१०० हून अधिक आहेत आणि त्यांच्या सीमा शतकभरात अनेकदा बदलल्या आहेत. दस्त ज्या दिवशी नोंदला गेला त्या दिवशी ती जमीन ज्या काउंटीत होती तिथेच तो राहतो; पुढे नवी काउंटी वेगळी निघाली म्हणून जुने ग्रंथ सहसा तिकडे जात नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातील रोवन काउंटी १७५३ मध्ये ॲन्सन काउंटीतून निघाली. तिच्यातून १७८८ मध्ये आयरडेल, १८२२ मध्ये डेव्हिडसन आणि १८३६ मध्ये डेव्ही या काउंट्या निर्माण झाल्या. एखादे कुटुंब ऐंशी वर्षे एकाच शेतावर राहिले असले, तरी त्याचे कागद तीन निरनिराळ्या काउंट्यांत सापडू शकतात. तसेच १७९२ पर्यंत केंटकी आणि १८६३ पर्यंत वेस्ट व्हर्जिनिया हे व्हर्जिनियाचेच भाग होते, हेही ध्यानात ठेवावे. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने तयार केलेला काउंट्यांच्या ऐतिहासिक सीमांचा नकाशासंग्रह ऑनलाइन विनामूल्य पाहता येतो. त्यात तारीख घालून त्या दिवशीची सीमा पाहावी. शोधाची पहिली दहा मिनिटे इथे खर्च करणे मी अनिवार्य मानतो.

नोंदणी करणारी कचेरीही सर्वत्र सारखी नाही. ओहायो, इंडियाना, इलिनॉय या राज्यांत दस्त काउंटी रेकॉर्डरकडे असतात, नॉर्थ कॅरोलायनात रजिस्टर ऑफ डीड्सकडे, तर व्हर्जिनियात सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे. व्हरमाँट, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या तीन राज्यांत काउंटीचा शोध व्यर्थ आहे, कारण तिथे जमिनीचे दस्त गावाच्या क्लार्ककडे नोंदले जातात. लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश आहे. वारसाविषयक काम पाहणाऱ्या न्यायालयाचे नाव पेनसिल्व्हेनियात ऑर्फन्स कोर्ट आहे, तर न्यूयॉर्कमध्ये सरोगेट्स कोर्ट. ही नावे ठाऊक नसली की समोर असलेला संग्रहही ओळखू येत नाही.

काही ठिकाणी मूळ कागदच उरलेले नाहीत. यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी रिचमंडला हलवलेले व्हर्जिनियातील जेम्स सिटी काउंटीचे दप्तर १८६५ मध्ये त्या शहराबरोबर जळाले, आणि ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीचे जमिनीचे दप्तर गेले. तरीही जळालेल्या काउंटीचे नाव वाचून शोध सोडू नये. पुष्कळ मालकांनी आपल्याकडील मूळ खरेदीखत आणून पुन्हा नोंदवून घेतले, शेजारच्या काउंटीतील दाव्यांना दस्तांच्या नकला जोडलेल्या असतात, आणि सरकारने दिलेल्या पहिल्या सनदा तर राज्याच्या किंवा केंद्राच्या दप्तरात वेगळ्याच जपलेल्या असतात.

कागद कुठे पाहायला मिळतात

सर्वांत मोठा विनामूल्य संग्रह फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहे. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या जीनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ युटा या फॅमिलीसर्चच्या पूर्वसंस्थेने १९३८ पासून जगभरच्या दप्तरांचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) काढले. त्यांचे डिजिटलीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे २४ लाख रिळांतील प्रतिमा उपलब्ध झाल्या. खाते उघडायला पैसे पडत नाहीत. तिथे मुखपृष्ठावरच्या नावाच्या चौकटीत शोध घेऊन थांबू नये, कारण दस्तांच्या ग्रंथांतील फार मोठा भाग नावानुसार सूचीबद्ध झालेलाच नाही. त्याऐवजी कॅटलॉग उघडावा, स्थळाच्या रकान्यात राज्य व काउंटी घालावी आणि ‘लँड अँड प्रॉपर्टी’, ‘प्रोबेट रेकॉर्ड्स’ (मृत्युपत्रे व वारसा) व ‘कोर्ट रेकॉर्ड्स’ हे तिन्ही विभाग ओळीने पाहावेत. एखाद्या ग्रंथापुढे कॅमेऱ्यावर किल्लीचे चिन्ह असेल, तर त्या प्रतिमा फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहाव्या लागतात. अशी केंद्रे अमेरिकेबाहेरही अनेक देशांत आहेत.

काही राज्यांनी स्वतः उत्तम सोय केली आहे. मेरीलँडच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की काउंट्यांचे दस्तग्रंथ विनामूल्य उघडता येतात. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने चॅन्सरी न्यायालयातील (जिथे वाटणीसारखे दावे चालत) दाव्यांची सूची केली असून पुष्कळ काउंट्यांच्या दाव्यांचे सर्व कागद तिथेच प्रतिमारूपात आहेत. ॲन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर मृत्युपत्रे व वारसा प्रकरणांचा मोठा संग्रह आहे, पण जमिनीच्या दस्तांसाठी त्यावर विसंबू नये. काउंटीच्या कचेऱ्यांची स्वतःची शोधयंत्रेही असतात. मात्र त्यांतील नावांची सूची बहुधा गेल्या काही दशकांचीच असते आणि जुने ग्रंथ ‘ऐतिहासिक सूची’ अशा एखाद्या दुव्याखाली नुसत्या पानांच्या रूपात ठेवलेले असतात. शोधात काही आले नाही म्हणून दस्त नाहीच असे समजणारे याच ठिकाणी फसतात.

जुनी सूची वापरण्याची रीत

दस्तग्रंथांना दोन सूच्या असतात: एक लिहून देणाऱ्यांची आणि दुसरी लिहून घेणाऱ्यांची. पहिलीला ग्रँटर किंवा डायरेक्ट इंडेक्स म्हणतात, दुसरीला ग्रँटी, इनडायरेक्ट किंवा रिव्हर्स इंडेक्स. दोन्ही पाहाव्यात. बहुतेक जण खरेदी शोधतात आणि विक्री सोडून देतात. परंतु बायकोचे नाव, स्थलांतराचे ठिकाण आणि वारसांची यादी या तिन्ही गोष्टी लिहून देणाऱ्याच्या बाजूला असतात.

जुन्या सूच्या आजच्या अर्थाने वर्णानुक्रमी नसतात. आडनावाचे पहिले अक्षर तेवढे जुळवलेले असते आणि त्या अक्षराखालच्या नोंदी दस्त ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने उतरवलेल्या असतात, म्हणून ते अख्खे अक्षर वाचूनच काढावे लागते. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि आसपासच्या प्रदेशांत रसेल पद्धतीची सूची भेटते. तिच्यात आडनावाच्या पहिल्या अक्षरानंतर एल, एम, एन, आर, टी या पाच अक्षरांपैकी जे प्रथम येईल त्यावरून रकाना ठरतो. इंग्रजी वर्णलेखनात स्मिथ हे एमच्या रकान्यात जाते, टेलर एलच्या, पार्कर आरच्या. आणि वुडसारखे, ज्यात पाचांपैकी एकही अक्षर नाही असे आडनाव ‘संकीर्ण’ रकान्यात. त्या रकान्यातून व्यक्तीच्या नावाच्या आद्याक्षरानुसार पानाचा क्रमांक मिळतो. पहिल्यांदा ही सूची पाहणारा गोंधळून जातो, पण किल्ली समजली की ती साध्या सूचीपेक्षा झपाट्याने काम देते.

आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. सूचीत बहुधा पहिल्याच पक्षकाराचे नाव असते आणि उरलेले ‘एट अल’, म्हणजे ‘व इतर’, या दोन शब्दांत गडप होतात. ‘एट अक्स’ असेल तर ‘व पत्नी’. आपला पूर्वज सात वारसांपैकी चौथा असेल, तर त्याचे नाव सूचीत येणारच नाही. शिवाय कर्जापोटी लिलावात गेलेली जमीन अनेकदा शेरीफच्या नावाखाली नोंदलेली असते, आणि न्यायालयाच्या हुकमाने विकलेली जमीन आयुक्ताच्या किंवा मयताच्या मालमत्तेवर नेमलेल्या प्रशासकाच्या नावाखाली. म्हणून त्या आडनावाच्या प्रत्येक ‘व इतर’ नोंदीचे पान उघडून पाहणे हे काम कंटाळवाणे असले, तरी टाळण्यासारखे नाही.

संपूर्ण मजकुरातला शोध: मोठी सोय, पण तिच्या मर्यादांसह

फॅमिलीसर्चने २०२४ मध्ये एक नवी सोय प्रयोग म्हणून सुरू केली: संगणकाने हस्ताक्षर वाचून तयार केलेल्या मजकुरात थेट शब्द शोधण्याची. आरंभी तिच्यात अमेरिकेतील जमिनीचे व वारसा प्रकरणांचे दस्तच प्रामुख्याने होते आणि पुढे तिची व्याप्ती वाढत गेली. वर सांगितलेला चौथा वारस, साक्षीदार, चतुःसीमेत उल्लेखलेला शेजारी, सूचीत कधीच न आलेली विधवा मुलगी, हे सारे आता शोधता येते. या क्षेत्रात गेल्या अनेक वर्षांत इतका मोठा बदल झालेला नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

ती वापरताना नेमकेपणा लागतो. सलग शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत. शब्दाआधी अधिकचे चिन्ह दिले की तो शब्द असलाच पाहिजे अशी अट होते, आणि वजाचे चिन्ह दिले की तो वगळला जातो. ताराचिन्ह कितीही अक्षरांच्या जागी चालते, प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी. आधी राज्य आणि काउंटीची चाळणी लावावी, मग वर्षांची. नाहीतर जॉन स्मिथसारख्या नावाला हजारो पाने समोर येतात. नुसत्या नावापेक्षा नावाबरोबर ओढ्याचे नाव, शेजाऱ्याचे आडनाव किंवा ‘हेअर्स’ म्हणजे वारस हा शब्द जोडल्यास फळ लवकर मिळते. जुन्या लेखनात नावे आखडून लिहीत, हेही विसरू नये: जॉनसाठी जे, एन आणि ओ एवढीच तीन अक्षरे, विल्यमसाठी डब्ल्यू आणि एम. पूर्ण नावाने शोध घेतला की अशी पाने निसटतात. लांब आकाराचा जुना ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचू शकतो आणि मोठा ‘एल’ व मोठा ‘एस’ यांची अदलाबदल तर माणसाकडूनही होते. त्यामुळे एकाच आडनावाची पाचसहा चुकीची रूपे स्वतः तयार करून तीही शोधावीत.

संगणकाने केलेले वाचन हे वाचन आहे, पुरावा नव्हे. प्रत्येक वेळी पानाची प्रतिमा उघडून आपण स्वतः वाचावे, दस्त मागच्या पानावर सुरू होऊन पुढच्यावर संपतो हे ध्यानात घेऊन दोन्हीकडची पाने पाहावीत, आणि शोधात काही आले नाही तर पुन्हा काउंटीच्या जुन्या सूचीकडे वळावे. या सोयीत अजून न आलेले ग्रंथही आहेत.

दस्त कसा वाचावा

ऑनलाइन दिसतो तो दस्त म्हणजे कारकुनाने ग्रंथात उतरवलेली नक्कल असते. तिथली सही पूर्वजाच्या हातची नसते. मात्र त्याने सहीऐवजी काढलेली खूण कारकून सहसा जशीच्या तशी उतरवी, आणि एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे करायला ती उपयोगी पडते. दस्तावर तीन तारखा असू शकतात: लिहिल्याची, न्यायालयात किंवा अधिकाऱ्यासमोर कबूल केल्याची आणि नोंदल्याची. पहिली आणि तिसरी यांत कधी वीस वर्षांचे अंतर असते. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखेला १७३१/३२ असे जोडवर्ष दिसते. ते आहे तसेच टिपावे.

मोबदल्याच्या रकमेकडे नीट पाहावे. एक डॉलर आणि ‘प्रेम व जिव्हाळा’ असे शब्द असतील, तर तो दस्त रूप काहीही असले तरी बक्षीसपत्र आहे आणि लिहून घेणारा बहुधा मुलगा, मुलगी किंवा जावई आहे. वसाहतकाळात, विशेषतः व्हर्जिनियात, लागोपाठच्या दोन तारखांचे दोन दस्त भेटतात: आदल्या दिवशी पाच शिलिंगला एक वर्षाचा भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीला हक्कसोड. ही दोन टप्प्यांत केलेली एकच विक्री असते. पूर्वज भाडेकरू होता असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

बायकांच्या बाबतीत कायद्याने एक अन्यायकारक व्यवस्था केली होती, आणि त्याच व्यवस्थेने त्यांची नावे टिकवली. विवाहित स्त्रीची मालमत्ता पतीच्या ताब्यात जाई; पण त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर तिचा हयातीपुरता हक्क असे, त्याला डावर म्हणत. म्हणून विक्रीच्या वेळी तिने हा हक्क सोडल्याची कबुली घ्यावी लागे, आणि अनेक ठिकाणी अधिकारी तिला पतीपासून वेगळे नेऊन ती स्वखुशीने सही करते आहे का हे विचारी. तिचे माहेरचे आडनाव इथे नसते, पण नाव असते. १८०९ च्या दस्तात एलिझाबेथ आणि १८१५ च्या दस्तात मेरी असेल, तर मधल्या काळात पहिली पत्नी वारली असण्याचा संभव मोठा आहे, आणि कोणती मुले कोणत्या आईची हा प्रश्न तिथून पुढे विचारता येतो. पत्नीचे नाव नसणे हा मात्र ती हयात नसल्याचा पुरावा नाही.

नात्याचे शब्द त्या काळच्या अर्थाने घ्यावेत. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हे बाळ नव्हे, तर कायद्याने अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेली, व्यक्ती. ती वीस वर्षांचीही असू शकते. ‘ऑर्फन’ म्हटलेल्या मुलाची आई हयात असू शकते, कारण बाप वारला की मूल कायद्याच्या लेखी पोरके होई. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असे नाही. ते एका परिसरातले त्याच नावाचे थोरले व धाकटे असतात, कदाचित काका-पुतणे, कदाचित एकमेकांचे कोणीच नाहीत. ‘इन-लॉ’ हा शब्द सावत्र नात्यालाही लावीत.

राहिली चतुःसीमा. मूळच्या तेरा वसाहती आणि त्यांना जोडलेल्या काही राज्यांत जमीन झाड, दगड, ओढा आणि शेजाऱ्याचा कोपरा यांच्या आधाराने वर्णिलेली असते. अंतरे पोलमध्ये असतात. पोल, रॉड आणि पर्च ही एकाच साडेसोळा फुटांच्या मापाची नावे आहेत. चार पोलांची एक साखळी आणि १६० चौरस पोलांचा एक एकर. उरलेल्या तीस राज्यांत १७८५ च्या अध्यादेशाने सुरू झालेली चौकोनी मोजणी आहे: सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. इंग्रजीतले असे वर्णन शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावे. सेक्शन १२ च्या आग्नेय चतुर्थांशाचा उत्तर अर्धा भाग, म्हणजे १६० एकरांतले वरचे ८०. या तीस राज्यांतील पहिली सरकारी सनद केंद्राच्या ‘जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स’ या संकेतस्थळावर शोधता येते. तिथे १७८८ पासूनचे पन्नास लाखांहून अधिक मालकी दस्त प्रतिमांसह आहेत. सनद १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालची (सरकारी जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला दिलेली) असेल, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली तिची संचिका जरूर मागवावी, कारण परदेशातून आलेल्या अर्जदाराच्या नागरिकत्वाचे कागद तिच्यात जोडलेले असतात.

जमिनीचा हिशेब मांडणे

आता मुख्य काम. पूर्वजाच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ घ्यावी: किती एकर, कोणत्या ओढ्यावर, शेजारी कोण, कोणाकडून आली, कोणाकडे गेली, ग्रंथ आणि पान. समजा त्याने १७९७ मध्ये १५० एकर व १८०४ मध्ये १०० एकर घेतले आणि १८११ मध्ये १२० एकर विकले. उरलेल्या १३० एकरांचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत शोध थांबवू नये. ती जमीन मृत्युपत्राने गेली असेल, करापोटी लिलावात गेली असेल, वाटणीच्या दाव्यात विभागली गेली असेल किंवा वारसांनी मिळून विकली असेल. या चारही वाटा कुटुंबापर्यंत नेतात.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. एखादा माणूस जमीन विकतो आहे आणि ती विकत घेतल्याचा दस्त कुठेच नाही, तर ती बहुधा वारशाने आली. व्हर्जिनियात १७८५ मध्ये कायदा बदलेपर्यंत मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची जमीन थोरल्या मुलाकडे जाई, म्हणून त्या काळात खरेदीवाचून विक्री करणारा माणूस थोरला मुलगा असण्याची शक्यता तपासावी. अशा वेळी त्याचे नाव बाजूला ठेवून तोच ओढा आणि तेच शेजारी पकडून मागे जावे. तीच जमीन पूर्वी कोणाच्या नावावर होती हे शेजाऱ्यांच्या दस्तांतील चतुःसीमा सांगतात.

वारसांचा दस्त मृत्यूनंतर लगेच शोधून भागत नाही. विधवा आपल्या तृतीयांशावर हयातभर राही, आणि ती वारल्यावरच मुले तो भाग विकीत, कधी वीस-तीस वर्षांनी. तोपर्यंत मुली लग्न होऊन दूर गेलेल्या असत. ‘मिसूरी राज्यातील अमुक काउंटीचे रहिवासी’ असे शब्द याच दस्तांत मिळतात, आणि पश्चिमेकडे गेलेले घराणे त्याच्या मूळ गावाशी जोडायला माझ्या मते यापेक्षा विश्वासार्ह दुवा नाही. त्या मुलांनी तिकडूनच कोणाला मुखत्यारपत्र दिले असेल, तर तेही दस्तग्रंथातच नोंदलेले असते.

न्यायालयाचे कागद

मृत्युपत्र नव्हते म्हणून निराश होण्याचे कारण नाही. मृत्युपत्राविना झालेल्या वारसा प्रकरणात अनेकदा अधिक माहिती मिळते, कारण तिथे न्यायालयाला वारस ठरवावे लागत. प्रशासक नेमण्याचा अर्ज, जामीनखत, मालमत्तेची यादी, लिलावात कोणी काय घेतले याची नोंद आणि शेवटची वाटणी, असा कागदांचा क्रम असतो. लिलावाची यादी सावकाश वाचावी: घरातली भांडी आणि पलंग घेणारी विधवा, घोडा घेणारा मुलगा, चरखा घेणारा जावई तिथे भेटतात. अज्ञान मुलांसाठी पालक नेमला गेला असेल, तर त्यावरून वयाचा अंदाज करता येतो. सामान्यतः १४ वर्षांवरील मुलाला आपला पालक स्वतः निवडण्याची मुभा असे आणि त्याखालच्यासाठी न्यायालय निवडी.

वाटणीचे दावे चॅन्सरी किंवा इक्विटी न्यायालयात चालत आणि त्यांतील वादी-प्रतिवादींची यादी म्हणजे जवळजवळ तयार वंशवृक्षच असतो. मयत मुलांची मुलेही त्यात नावानिशी येतात. हे दावे वर्षानुवर्षे रेंगाळत, म्हणून पहिल्या अर्जापासून शेवटच्या हुकमापर्यंतचे सारे कागद पाहावेत: मध्येच एखादा वारस मरतो आणि त्याचे वारस पक्षकार होतात. न्यायालयाच्या कामकाजाच्या वह्यांना बहुधा सूची नसते. तिथे पूर्वजाच्या मृत्यूच्या सुमारास सुरू करून पुढची चारपाच सत्रे पानोपानी वाचणे हाच मार्ग आहे. पोरक्या मुलांना कामाला बांधून दिल्याची नोंद आणि अनौरस मुलाच्या बापाकडून घेतलेले जामीनखत अशाच वह्यांत मिळते. २७ सप्टेंबर १९०६ पूर्वी नागरिकत्वाचा अर्ज काउंटीच्या न्यायालयातही करता येई, तेव्हा परदेशातून आलेल्या पूर्वजासाठी त्या वह्या पाहाव्यात.

गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची नावे

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांचे वेगळे तक्ते झाले, पण त्यांत जवळजवळ सर्वत्र फक्त वय, लिंग व वर्ण लिहिला गेला. १८७० ही बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांची नावानिशी झालेली पहिली जनगणना. त्यामागची नावे बहुतांशी याच काउंटीच्या ग्रंथांत आहेत: विक्रीखतांत, गहाणखतांत, बक्षीसपत्रांत, मयताच्या मालमत्तेच्या यादीत आणि मुक्तिपत्रांत. आई व तिच्या मुलांची नावे पुढे रकमा लिहून नोंदलेली ही पाने वाचणे जड जाते. तरीही ती वाचली पाहिजेत, कारण पुष्कळ वंशजांना आपल्या खापरपणजीचे नाव दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. शोध अर्थातच मालकाच्या नावाने सुरू करावा लागतो; त्याच्या मृत्यूनंतरच्या याद्या, वाटण्या आणि त्याच्या मुलींच्या लग्नाच्या वेळची बक्षीसपत्रे एकापुढे एक ठेवली की एकच कुटुंब वर्षानुवर्षे ओळखता येते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेने अशा दस्तांची व न्यायालयीन अर्जांची सूची विनामूल्य खुली केली आहे. संपूर्ण मजकुरातला शोध इथे सर्वाधिक उपकारक ठरतो, कारण या नावांची सूची त्या काळच्या कारकुनांनी केलीच नव्हती. ज्यांचे पूर्वज मालक होते त्यांनी असे पान सापडल्यास त्यातील सर्व नावे काउंटी, ग्रंथ आणि पानासह लिहून खुल्या ठिकाणी द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नोंद आणि मागणी

प्रत्येक पानासोबत राज्य, काउंटी, कचेरी, ग्रंथाचे नाव, पान, तीनही तारखा, सूक्ष्मपटाचा किंवा प्रतिमासंचाचा क्रमांक आणि प्रतिमेचा क्रमांक टिपून ठेवावा. संकेतस्थळाचा दुवा उद्या बदलेल, ग्रंथ आणि पान बदलणार नाही. ज्या सूचीत काही मिळाले नाही तिचीही वर्षांसह नोंद करावी, म्हणजे सहा महिन्यांनी तेच अक्षर पुन्हा वाचावे लागत नाही. दाव्यांचे सुटे कागद पुष्कळ काउंट्यांत अजून ऑनलाइन आलेले नाहीत. कामकाजाच्या वहीत दाव्याचा उल्लेख मिळाला, की वादी-प्रतिवादींची नावे, सत्राची तारीख, वहीचे पान आणि असल्यास दाव्याचा क्रमांक लिहून काउंटीच्या क्लार्ककडे व राज्याच्या अभिलेखागाराकडे, दोन्हीकडे विचारणा करावी, कारण जुन्या संचिका बहुधा काउंटीकडून राज्याकडे हलवलेल्या असतात आणि कचेरीतल्या नव्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. पत्रात सगळ्या कुटुंबाची हकिगत लिहू नये. एका पत्रात एकच दावा मागावा आणि संचिकेतील प्रत्येक कागदाची, पाकिटावरच्या शेऱ्यांसकट, प्रत हवी असे स्पष्ट लिहावे.